अर्ध्यावर तोडलेला शेर

डोंगराला पाठ टेकून आणि नदीकडे तोंड करून बसलेले पिंपरवाडे हे मोगलाईतले एक लहानसे गाव. गावाच्या मावळतीला, चिंचांच्या सावलीत, शाह यकीन महाराजांची खानकाह होती. खानकाह म्हणजे फकिरांचा मठच समजा. एक ओटा, एक चौक, चौकाला एकच दार, आणि कोपऱ्यात महाराजांची चिमुकली खोली. महाराज कोठून आले हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी म्हणे इराणातून, कोणी म्हणे बऱ्हाणपुराहून. विचारले तर महाराज हसून म्हणत, "तुम्ही जिथून आलात तिथूनच." हिंदू त्यांना महाराज म्हणत, मुसलमान बाबा म्हणत, आणि ज्याच्या घरात तापाने फणफणलेले लेकरू असे तो काय म्हणायचे तेच विसरून नुसता धावत येई.

महाराजांच्या पुष्कळ कथा गोड आहेत. ही तशी नाही. ही कथा सांगताना जुनी माणसे लहानांना जवळ ओढून घेत, आणि ती संपेपर्यंत कोणालाही मध्येच उठू देत नसत. भाविकहो, तुम्हीही उठू नका.

दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, दुपार कलली की खानकाहेत समा होई. समा म्हणजे ऐकण्याची बैठक. मस्तान कव्वाल आणि त्याचे चौघे भाऊ फारसी शेर गात. जुन्या फारसी कवींची ती वाणी! वरवर पाहावे तर मद्याचा प्याला, सुंदर मुखडा, दिव्यावर झेप घेणारा पतंग. आत पाहावे तर एकच टाहो, की देवा, मला माझ्यातून सोडव. गावकऱ्यांना हे अवघड वाटे. मग महाराज म्हणत, "डाळीत मीठ विरघळलं की मीठ मेलं म्हणून कुणी रडतं का? चव आली ना? त्या कवींना विरघळायचं होतं, बाबांनो. खडा होऊन दाताखाली यायचं नव्हतं."

समाचा एक दस्तूर होता. कोणी बोलायचे नाही. ऐकता ऐकता एखाद्याचे भान हरपले तर त्याला हाल लागला असे म्हणत. तो उभा राहिला की सगळ्यांनी, थोर असो की लहान, उभे राहायचे. आणि ज्या ओळीवर हाल लागला ती ओळ कव्वालाने सोडायची नाही. तो माणूस आपणहून भानावर येईपर्यंत तीच ओळ, पुन्हा पुन्हा. महाराज एरवी सदा हसतमुख, पण हा दस्तूर सांगताना त्यांचा चेहरा पार बदलून जाई. "त्या ओळीला धरून तो खाली उतरलेला असतो," ते म्हणत. "विहिरीत माणूस उतरलाय आणि वरच्यानं दोर सोडला, असं पाप माझ्या चौकात करू नका."

या समाला दगडू पिंजारी कधी चुकत नसे. पिंजाऱ्याचा धंदा म्हणजे कापूस पिंजणे. खांद्यावर पिंजायची धनुष्यासारखी कमान टाकून दगडू दारोदार जाई, लोकांच्या गाद्या-रजया उसवून आतला कापूस पिंजून देई, आणि संध्याकाळी घरी येई तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन. जुमेरातीला मात्र तो नदीवर अंग धुऊन खानकाहेत येई आणि जिथे लोक जोडे काढतात त्या दाराशेजारी बसे. फारसीचा त्याला गंध नव्हता. एकदा भीत भीत त्याने महाराजांना विचारलेच.

"बाबा, मला तर ह्यातलं अक्षर बी कळत न्हाई. तरी ऐकलं तर चालतंय का? गुन्हा तर व्हत न्हाई?"

महाराज म्हणाले, "बेटा, तान्ह्या लेकराला अंगाईचा अर्थ कळतो का? तरी आईनं गाणं थांबवलं की ते दचकून जागं होतं. तू ऐक."

दगडूला तेवढे पुरले. तो ऐकत राहिला.

त्याच सुमारास जहागीरदारांचे पारसनीस गिरिधरपंत गढीवरून समाला येऊ लागले. पारसनीस म्हणजे दरबारचा फारसी पत्रव्यवहार सांभाळणारे. पंतांची फारसी खरोखरच अशी होती की हैदराबादचे मौलवीही मान डोलावत. शेकडो शेर मुखोद्गत! कोणी एक शब्द काढावा, पंतांनी त्या शब्दाचे चार शेर घडाघडा म्हणावेत. विद्या होती, यात शंका नाही. पण विद्येने माणूस वाकतो म्हणतात, तसे काही पंतांच्या बाबतीत घडले नव्हते. त्यांचा ताठा असा की अंगरख्याला सुद्धा सुरकुती पडायला भीती वाटावी.

पहिल्याच दिवशी पंतांची नजर डोळे मिटून डुलणाऱ्या दगडूवर गेली. समा संपल्यावर ते मोठ्याने म्हणाले, "महाराज, आपल्याकडे पिंजारीसुद्धा फारसी जाणतात वाटतं! काय रे, आत्ता गायले त्याचा अर्थ काय?"

दगडू ओशाळून हसला. "न्हाई ठावं, सरकार."

"मग डुलत कशाला होतास?"

"ते मलाबी न्हाई ठावं."

लोक हसले. पंत म्हणाले, "गाढवाला गुळाची चव काय! हाल लागायला आधी अक्कल लागते."

महाराज हसले नाहीत. ते पंतांकडे वळून हळूच म्हणाले, "पंत, पोहायला येतं म्हणून विहिरीची भीती सोडू नये. इथं बसा, ऐका, पण दोराला हात लावू नका." पंतांना वाटले, फकिराने एक सुभाषित ऐकवले. त्यांनी मान डोलावली आणि ते निघून गेले.

पुढे उन्हाळ्याच्या दिवसांत डोंगरावरच्या भिल्लवस्तीत पटकीची साथ आली. धडधाकट माणूस सकाळी उलट्या करू लागे आणि संध्याकाळी थंडगार पडे. वस्तीची वाट लोकांनी टाकली. खालच्या गावात कोणाला नुसती ढेकर आली तरी शेजारी दार लावून घेत. अशा वेळी वर जाणारे एकटे महाराज! एका जुमेरातीला भर दुपारी वस्तीवरून हाक आली आणि महाराज काठी घेऊन उठले. निघताना मस्तानला म्हणाले, "समा चुकवू नका. मी दिवस बुडायच्या आत येतो. दस्तूर सांभाळा."

महाराज गेले आणि समा सुरू झाला. त्या दिवशी वारा पडलेला होता. चिंचेचे पान हलत नव्हते. महाराजांच्या रिकाम्या बैठकीजवळ पंत लोडाला टेकून बसले होते. मस्तानने एक जुना शेर धरला. त्याची पहिली ओळ फारसीत जे सांगत होती ते मराठीत असे:

तुझ्या दारात मी इतका उभा राहिलो, की मी कोणीच उरलो नाही, नुसता उंबरठा झालो.

मस्तानने ही ओळ दोनदा म्हटली असेल नसेल, तोच दाराशेजारी दगडू उभा राहिला. त्याचे डोळे उघडे होते, पण ते चौकातले काही पाहत नव्हते. दोन्ही हात पुढे आलेले, जणू अंधारात भिंत चाचपत आहे. मस्तानने ते पाहिले आणि दस्तुराप्रमाणे तो त्या ओळीवर थांबला. तीच ओळ, पुन्हा पुन्हा. सगळा चौक उभा राहिला. महाराजांचे म्हातारे शिष्य, गावचे पाटील, वाणी, कुणबी, सगळे.

पंत तेवढे बसून राहिले. एका पिंजाऱ्यासाठी पारसनिसाने उठायचे? इतक्या नजरा आपल्याकडे वळलेल्या पाहून त्यांचा संताप अनावर झाला आणि त्यांनी हात वर केला.

"बंद करा! सोंग आहे हे सगळं. ज्याला 'दार' आणि 'उंबरठा' हे शब्द फारसीत कळत नाहीत त्याला या ओळीवर हाल लागतो? मस्तान, शेर बदल. दुसरा घे. बघ, आपोआप खाली बसतो की नाही."

मस्तान गाता गाताच हात जोडून नाही म्हणाला.

"मस्तान, उद्या या जहागिरीत राहायचं आहे ना तुला? बायकापोरांना घेऊन?"

मस्तान भला माणूस होता, पण गरीब होता. त्याचा सूर कापला. भावांनी त्याच्याकडे पाहिले. क्षणभर ढोलक एकटेच वाजत राहिले, आणि मग मस्तानने मान खाली घालून ती ओळ अर्ध्यावर टाकली आणि दुसराच शेर उचलला.

तेवढ्यात दगडूच्या तोंडून एक आवाज निघाला. ज्यांनी तो ऐकला त्यांना पुढे कित्येक वर्षे तो झोपेत ऐकू येई. किंकाळी नव्हती ती. खूप खोलवर कोणी पडावे आणि त्याची हाक वर पोचेपर्यंत विरून जावी, तसा तो आवाज होता. दगडू होता तिथेच, दारापाशी, कोसळला.

"ऊठ रे," पंत म्हणाले. "पुरे झालं."

दगडू उठला नाही. पाटलांनी वाकून त्याच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. एवढ्या उन्हाळ्यात ते कपाळ रांजणाच्या बुडासारखे गार पडले होते. कोणीतरी धावत जाऊन दगडूच्या बायकोला, हलिमाला, बोलावून आणले. ती आली तशी त्याच्या छातीवर पडली. मग काय सुचले कोणास ठाऊक, तिने आपल्या पदराला चिकटलेला पिंजलेल्या कापसाचा एक तंतू काढला आणि त्याच्या नाकाशी धरला. फुंकरही न घालता जो उडावा असा तो तंतू! तो हलला नाही.

"मस्तानभाई," ती ओरडली, "काय म्हणत व्हता ते म्हना! परत म्हना!"

मस्तानने तोंड उघडले, पण आवाज निघेना. त्याने भावाकडे पाहिले, भावाने दुसऱ्या भावाकडे. त्यांचा बाप, आजा ज्या ओळी गात आले, त्यातली ती एक ओळ पाचांपैकी एकालाही आठवेना! इतर शेर आठवत होते, फक्त ती ओळ नाहीशी झाली होती.  मस्तान पंतांकडे धावला. "पंतसाहेब, तुम्हाला येते. तुम्ही तरी म्हणा."

पंत तुच्छतेने हसले आणि ओळ म्हणायला त्यांनी ओठ उघडले. आत काहीच नव्हते. त्यांनी दुसरा एक शेर आठवून पाहिला. तोही नाही. लहानपणी छडीच्या धाकाने घोकलेला अगदी पहिला धडा आठवून पाहिला. फारसीत पाण्याला काय म्हणतात? भाकरीला? काहीच नाही. ओल्या फडक्याने पाटी पुसावी तशी त्यांची फारसी पुसून गेली होती. पंतांच्या पाठीवरून घामाचा थेंब ओघळला. पण एवढ्या माणसांदेखत 'मला येत नाही' म्हणायचे? तो शब्द त्यांच्या जिभेने जन्मात उच्चारला नव्हता.

"सोंगाला साथ देणं माझ्याच्यानं होणार नाही," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

भीती माणसाला एका पापावर थांबू देत नाही. हे प्रेत इथे पडून राहिले, फकीर परत आला, आणि त्याने विचारले तर?  पंत उठले आणि म्हणाले, "मंडळी, लक्षात येतंय का? अंग बर्फासारखं गार. पटकीत असंच होतं. महाराज रोज त्या वस्तीवरून येतात, हा दारात त्यांच्या वाटेवर बसतो. याला लागली. आता गावालाही लागेल. दिवस बुडायच्या आत पुरून टाका!"

पटकीचे नाव निघाले आणि चौक दगडूपासून चार हात मागे सरला. आत्ताच त्याच्यासाठी उभी राहिलेली तीच माणसे! पाटलांनी दोघांना खड्डा खणायला पिटाळले. मशिदीचे मुल्लाजी आले, लांबूनच बघून म्हणाले, "आटपा लवकर." मस्तानने आणि त्याच्या भावांनी रडत रडत दगडूवर पाणी घातले, कफन गुंडाळले. हलिमा एकटी सगळ्यांशी झगडत होती.

"हात लावू नका! बाबा येऊ द्या! त्याचे डोळे बघा, मिटत न्हाईत. मी तीनदा मिटवले, परत उघडले. मेल्या मानसाचे डोळे असे बघत्यात का?"

ते खरेच होते. दगडूचे डोळे उघडे होते आणि दाराकडे लागलेले होते. मुल्लाजींनी पुढे होऊन हात फिरवला, पापण्या खाली आल्या, आणि हात उचलताच सावकाश पुन्हा वर गेल्या. मुल्लाजी मागे सरले. त्यांचे दात वाजत होते.

बायकांनी हलिमाला धरून ठेवले. चौघांनी जनाजा खांद्यावर घेतला. दाराकडे चालू लागले आणि दारात थबकले. "चला," मागून पंत ओरडले. पुढच्या दोघांनी पाऊल उचलले, पण ते पुढे पडेना. गुडघे जागच्या जागी ताठले. ते मागे सरले तर पाय मोकळे, पुढे गेले तर पुन्हा तेच. दार उघडे होते, बाहेर ऊन दिसत होते, मध्ये काहीच नव्हते. तरी जनाजा त्या दारातून बाहेर निघेना! खांदेकऱ्यांपैकी एकजण रडू लागला. "कुणीतरी उभं हाय," तो पुटपुटला. "दारात कुणीतरी उभं हाय."

त्याच वेळी दाराबाहेर काठीचा आवाज आला. शाह यकीन महाराज आले होते. हातापायांवर वस्तीची धूळ, डोळे जागरणाने लाल. हलिमाने हंबरडा फोडला, "बाबा, आत या!"

महाराज उंबरठ्याबाहेरच थांबले.

"कसा येऊ, बेटी?" ते म्हणाले. "दारात दगडू उभा आहे. त्याला ढकलून येऊ?"

चौकातल्या माणसांच्या अंगावर सर्रकन काटा आला. कित्येकांनी डोळे मिटून घेतले.

"जनाजा खाली ठेवा," महाराज म्हणाले. "शेर कुणी तोडला?"

 मस्तान दाराजवळ जाऊन जमिनीवर पडला. "गळा माझा, बाबा. मीच तोडला."

"गळा तुझा. हात कुणाचा?"

आता पंतांचे पाय त्यांच्या हुकमात राहिले नाहीत. ते पुढे आले आणि दारासमोर उभे राहिले. त्यांनी काही सबब सांगायची ठरवली होती, पण तोंडून भलतेच निघाले. "महाराज, तो मेला का हो?"

"मेला नाही. ओळ धरून दारापर्यंत गेला आणि ती सुटली. आता त्याला आतही जाता येत नाही आणि परतही येता येत नाही. डोंगरावर मी माणसं मरताना बघून आलोय, पंत. मरण त्या मानानं सोपं असतं."

"मग आपण म्हणा ती ओळ! आपल्याला येते."

"मलाही आठवत नाही. ती त्याच्या मुठीत आहे, म्हणून ती कोणाकडेच नाही. ज्यानं दोर सोडला त्यानंच हाक मारायची. आणि दिवस बुडायच्या आत. अंधारात त्याला परतीची वाट दिसणार नाही."

सूर्य डोंगराच्या कडेला टेकायला आला होता. पंतांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. "मी काय म्हणू, महाराज? माझी फारसी गेली. सगळी गेली. एक शब्द उरला नाही. मघापासून गेली आहे, मी... मी सांगितलं नाही."

"फारसी गेली, जीभ आहे ना? आई ज्या भाषेत हाक मारायची ती आहे ना? मारा हाक."

पंत जनाज्याशेजारी बसले. ते उघडे डोळे आता त्यांच्या समोर होते. "दगडू, ऊठ," ते म्हणाले. सवयीने आवाजात हुकूम आला. डोळ्यांवर एक पांढुरकी साय चढू लागली. "दगडू, ऊठ बाबा, जहागीरदारांना सांगून तुला गढीवर चाकरी देतो." पापण्या, ज्या कोणाच्या हाताने मिटल्या नव्हत्या, त्या आपणहून मिटू लागल्या. "थांबवा!" हलिमा किंचाळली. "बाबा, तो चाललाय!"

आणि तिथे पंत मोडले. त्यांनी पगडी काढली की ती पडली कोणास ठाऊक. दगडूच्या कानाशी तोंड नेऊन ते एखाद्या हरवलेल्या पोरासारखे रडू लागले.

"दगडूभाई, जाऊ नकोस रे. मला एकट्याला टाकून जाऊ नकोस. मी तुझ्या दारात उभा आहे बघ. कोण पंत, कुठला पारसनीस, काही उरलं नाही रे माझ्यात. मी कोणी नाही. तुझ्या दारात पडलेला उंबरठा आहे मी नुसता..."

मस्तान ताडकन उठून बसला. "बाबा! बाबा, हीच! हीच ती ओळ!"

पंतांना ते कळलेही नव्हते. आयुष्यभर शेरांचे अर्थ सांगणारा तो माणूस, आज पहिल्यांदा एका ओळीच्या आत उभा होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता!

"सोडू नका, पंत," दाराबाहेरून महाराजांचा आवाज आला. त्या आवाजातही कंप होता. "तेच म्हणा. पुन्हा पुन्हा. तो येईपर्यंत."

पंत म्हणत राहिले. तुझ्या दारात उभा आहे. मी कोणी नाही. उंबरठा आहे. त्यांचा आवाज बसला, तरी ते म्हणत राहिले. सूर्याची नुसती कोर उरली.  चढलेली साय हळूहळू विरली, आणि दगडूचे निळे पडलेले ओठ हलले. अगदी बारीक आवाजात, आपल्या गावठी बोलीत, तो म्हणाला:

"आता तू आत ये न्हाईतर भाईर जा, पाय तुजा माज्यावरूनच जानार."

मस्तानच्या तोंडून मोठ्याने हुंदका फुटला. ही त्या शेराची दुसरी ओळ होती! ती त्या दिवशी गायलीच गेली नव्हती. दगडूने ती कधी ऐकली नव्हती, आणि ऐकली असती तरी फारसीतली ओळ तो मराठीत कुठून सांगणार? मस्तानचा गळा मोकळा झाला, शेर त्याला आठवला, आणि पाचही जणांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत, अखंड, गायला. दगडूने एक लांब श्वास घेतला. छाती भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली. हलिमा त्याला गदागदा हलवत होती, हसत होती, शिव्या देत होती.

तेव्हा कुठे महाराज उंबरठा ओलांडून आत आले. "आता वाट मोकळी झाली," ते म्हणाले, आणि एवढा वेळ खंबीर उभे असलेले महाराज ओट्यावर मटकन बसले.

दगडूला काहीच आठवत नव्हते. अंगावर कफन पाहून तोच घाबरला. पंत त्याच्या पायांवर पडले तेव्हा तर पाय पोटाशी घेत तो म्हणाला, "सरकार, काय करताय हे? मला पाप लागंल!" पंतांनी डोके उचलले नाही. मग ते हलिमाकडे वळले आणि तिच्या पायांशी वाकले. ती झटक्याने मागे सरली.

"माझ्या पाया पडू नका," ती म्हणाली. "जित्या मानसाला पुरायला निघाला व्हता तुम्ही. पटकी न्हाई हे ठावं असून. मी माफ केलेलं न्हाई."

लोकांनी महाराजांकडे पाहिले. वाटले, महाराज आता तिची समजूत घालतील. महाराज म्हणाले, "बरोबर आहे तिचं. पंत, शेर तुम्हाला आता येतो. तिच्या दारात उभे राहा."

तुम्ही विचाराल, पंतांची फारसी परत आली का? आली, हळूहळू, आजारी माणसाची भूक परत येते तशी. पण त्यानंतर त्यांनी कोणाला अर्थ विचारला नाही की कोणाला हसले नाहीत. समाला ते दगडूच्या पलीकडे, जोड्यांपाशी बसत. आणि रोज गढीवरून उतरले की दगडूच्या घरासमोर जाऊन हात जोडून उभे राहत. हलिमा आतून पाहत असे आणि काही बोलत नसे. गल्लीतले लोक आधी जमत, मग हसत, मग त्यांना सवय झाली. दगडू बिचारा बायकोला विनवी, "अगं, बोल की." ती म्हणे, "तू मधी पडू नगंस." पंत उन्हात उभे राहिले, धुळीत उभे राहिले. पाऊस लागला तेव्हा वळचणीचे पाणी डोक्यावर घेत उभे राहिले, पण एका शब्दाने दार उघड म्हणाले नाहीत.

शेवटी एके दिवशी आतून आवाज आला.

"भाऊ, भिजताय कशाला? आत या. भाकरी टाकलीय."

पंतांना पहिल्यांदा ते खरेच वाटले नाही. मग त्यांनी उंबरठ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि ते वाकून आत गेले. पिंजाऱ्याच्या घराचे दार फार ठेंगणे होते.